२२ क्रेडिटांचा तक्ता खालून वर वाचा

जूनच्या शेवटी आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एक टेबल टाकलं जातं. पुढे 'विषय निवड मार्गदर्शन' असा कागद सेलोटेपने चिकटवलेला, दोऱ्याने बांधलेलं एक पेन (नाहीतर ते दुपारपर्यंत टिकत नाही) आणि मागे मी. या टेबलावर सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "मॅडम, हिने जे घेतलंय तेच मला लावा." त्याखालोखाल, "सोपं काय आहे?"

हसण्यासारखं त्यात काही नाही. आईवडिलांच्या वेळी बीएला तीन-चार विषयांची नावं लिहिली की अर्ज संपायचा. आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा दुय्यम विषय), ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी आद्याक्षरांची रांगच लागलेली असते. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये आलं. महाराष्ट्र शासनाने पदवीच्या अभ्यासक्रमाचा आराखडा एप्रिल २०२३ मध्ये काढला आणि मार्च २०२४ मध्ये त्यात दुरुस्त्या केल्या. स्वायत्त कॉलेजांत तो २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाशी संलग्न असलेल्या बाकीच्या कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यामुळे घरात थोरली बहीण पदवीधर असली, तरी तिने भरलेला अर्ज वेगळा होता.

मी बोलतेय ते साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीबद्दल. बीबीए, बीसीए, बीएमएसचे प्रवेश २०२४ पासून सीईटीच्या वाटेने जातात, ती गोष्ट निराळी.

क्रेडिट म्हणजे तास

सरकारी कागदावर याला श्रेयांक म्हणतात, पण वर्गात कोणी तो शब्द वापरत नाही. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात १५ तासांचं लेक्चर किंवा ३० तासांचं प्रात्यक्षिक. सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिटं, वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चौथं वर्षही केलं तर १६० ते १७६.

हे आकडे घड्याळावर मांडून बघा. २२ क्रेडिटं सगळी लेक्चरची असतील तर सत्राचे ३३० तास झाले. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला २२ तास वर्गात. बीएस्सीच्या मुलीची यातली ६ क्रेडिटं प्रात्यक्षिकाची असतील तर १६ गुणिले १५ म्हणजे २४० आणि ६ गुणिले ३० म्हणजे १८०, एकूण ४२० तास. म्हणजे आठवड्याला २८. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका क्रेडिटामागे विद्यार्थ्याचे एकूण ३० तास धरलेत, त्यात घरचा अभ्यासही आला. त्या हिशेबाने २२ क्रेडिटांचे ६६० तास, आठवड्याला ४४. दुपारी मेडिकलच्या दुकानात किंवा पतसंस्थेत अर्धवेळ काम करणाऱ्या मुलाने विषयांची नावं वाचायच्या आधी हा हिशेब करावा. मी तो टेबलावरच करून देते. बहुतेकांना '४४' बघून घाम फुटतो.

मेजरपलीकडची सोळा

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला घेतला, ती. मुलं आणि पालक सगळी शक्ती मेजरवर खर्च करतात. भूगोल घेऊ की राज्यशास्त्र, केमिस्ट्री की मायक्रो, यावर घरात आठवडाभर चर्चा होते. बाकीचे रकाने मग खिडकीपाशी, पेन हातात असताना, शेजारच्या अर्जात डोकावून भरले जातात.

२०२३ च्या आराखड्यातली पहिल्या सत्राची मांडणी बघा. मेजर ६ क्रेडिटं. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे ओई, ४. त्यानंतर प्रत्येकी २ क्रेडिटांच्या सहा गोष्टी: मेजरला जोडलेलं हातचं कौशल्य, म्हणजे व्हीएससी, कुठल्याही शाखेला उपयोगी पडेल असं एसईसी, भाषेचं एईसी, पर्यावरण, संविधान वगैरे शिकवणारं व्हीईसी, भारतीय ज्ञानप्रणालीचं आयकेएस आणि एनएसएस, एनसीसी, खेळ किंवा सांस्कृतिक उपक्रमांचं सीसी. बेरीज २२. म्हणजे ज्या विषयासाठी घर डोक्यावर घेतलं, त्याचा वाटा २२ पैकी ६.

याचा निकालावर काय परिणाम होतो ते दोन मुलींवरून सांगते. श्रेणी दहाच्या मापात असते: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि नापास शून्य. प्रत्येक विषयाचे श्रेणीगुण त्याच्या क्रेडिटांनी गुणायचे, बेरीज करायची, एकूण क्रेडिटांनी भागायचं. जे येतं तो सत्राचा एसजीपीए.

पहिली मुलगी मेजरची वेडी. त्यात तिने ओ मिळवला: ६ गुणिले १० म्हणजे ६०. बाकीचं 'फालतू' म्हणून सोडून दिलं, सगळीकडे सी: १६ गुणिले ५ म्हणजे ८०. एकूण १४०, भागिले २२, म्हणजे ६.३६.

दुसरी मेजरमध्ये बी प्लसवरच थांबली: ६ गुणिले ७ म्हणजे ४२. पण बाकीच्या सोळात सगळीकडे ए: १२८. एकूण १७०, भागिले २२, म्हणजे ७.७३.

विषयाची जाण पहिलीला जास्त आहे, हे मी तिची शिक्षिका म्हणून छातीठोकपणे सांगेन. पण चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. पहिलीने असंच चालू ठेवलं तर संशोधनाचं दार तिच्याच तोंडावर बंद होतं. मला ही व्यवस्था पूर्णपणे पटते असं नाही. पण नियम ठाऊक नसल्याने बाहेर राहणं जास्त जिव्हारी लागतं.

पुढच्या सत्रांत मेजरचा वाटा वाढत जातो, हेही खरं. आणि २०२४ च्या दुरुस्तीनंतर काही विद्यापीठांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर ठरवायचा, अशी मांडणी आहे. तिथे पहिल्या वर्षी उगाच भरलेला तिसरा विषय पुढे मायनर म्हणून गळ्यात पडू शकतो.

खालून वर

यावर माझा एकच उपाय आहे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक अभ्यासक्रमाचा तक्ता असतो, पहिल्या सत्रापासून सहाव्यापर्यंत. त्याची झेरॉक्स घ्या, तीन-चार रुपयांचं काम आहे. आणि तो खालून वर वाचा.

तळाशी सहावं सत्र. तिथे साधारणपणे ४ क्रेडिटांचं ओजेटी असतं, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी १२० तास. ते कुठे करणार? मोठ्या शहरात कंपन्या आहेत. तालुक्याच्या गावात नगरपरिषद, पतसंस्था, सीएचं ऑफिस, दूध संघ, स्थानिक वर्तमानपत्र, माती परीक्षणाची प्रयोगशाळा. तिथे घेतील का, आणि घेतलं तर काय येत असलं पाहिजे? सीएच्या ऑफिसात टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, लागणार. मग पाचव्यापर्यंत टॅली यायला हवं. ते वर कुठल्या सत्रात एसईसी किंवा व्हीएससी म्हणून मिळतं? असं एकेक पायरी चढत पहिल्या सत्राला आलात, की रिकामे रकाने आपोआप बोलू लागतात.

पदवीनंतर काय, हेही तळाशीच लिहा. एमए, एमएस्सी करायचं असेल तर मायनरकडे नव्याने बघावं लागेल. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कुठल्याही विषयात पदव्युत्तर प्रवेशाचा मार्ग खुला आहे. तिसऱ्याच विषयात जायचं असेल तर त्या विषयाची प्रवेश परीक्षा पास व्हावी लागते. म्हणजे मायनर हा तुमचा राखीव दरवाजा. इतिहास मेजर आणि मराठी मायनर घेतलेल्या मुलीला पुढे मराठीत एमए करावंसं वाटलं, तर तिने पाया आधीच घातलेला असतो. तिनेच मायनरला 'जे रिकामं होतं ते' घेतलं असेल, तर राखीव दरवाजा भलत्याच गल्लीत उघडतो.

चार वर्षं करायची की तीन, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. तीन वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर दोन वर्षांचं, चार वर्षांनंतर एक वर्षाचं. दोन्हीकडे पाचच. फरक असा की चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केली तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे थेट पीएचडीच्या प्रवेशाला बसता येतं. ज्याला संशोधन करायचं नाही आणि घरी लवकर पगार आणायचाय, त्याने तीन वर्षांनी पदवी घेऊन मोकळं व्हावं, असं माझं मत. टेबलावर हे बोलले की आमच्याच स्टाफरूममधले दोघे माझ्याकडे रागाने बघतात.

ओई आणि शेवटची एसटी

ओई तुमच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. बीएस्सीच्या मुलीला कला किंवा वाणिज्यचा, बीएच्या मुलाला विज्ञान किंवा वाणिज्यचा. कल्पना छान आहे. भौतिकशास्त्राच्या मुलाने शेअर बाजार समजून घ्यावा, इतिहासाच्या मुलीने संगणक शिकावा. अडचण वेळापत्रकाची. तीन शाखांची मुलं एका वर्गात आणायची म्हणजे सगळ्यांची मोकळी वेळ शोधावी लागते, आणि ती बहुतेक वेळा दिवसाच्या टोकालाच सापडते: सकाळी सातला किंवा दुपारी चारला.

दोन वर्षांपूर्वी एका मुलाने मोठ्या हौसेने छायाचित्रणाचा ओई घेतला. तास बुधवारी आणि गुरुवारी चार ते पाच. त्याच्या गावची शेवटची गाडी पावणेपाचची. पहिले दोन आठवडे तो साडेचारला उठून जायचा, मग लाजेने येणंच बंद केलं. हजेरी ७५ टक्के लागते, त्याची चाळीसच्या आत. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तो छायाचित्रण अवघड होतं म्हणून नव्हे. मी तेव्हा त्याला विषयाची माहिती दिली होती, गाडीची वेळ विचारली नव्हती. आता टेबलावर एसटीचं वेळापत्रकही ठेवते.

(आमच्याकडे केटी म्हणतात, पुण्याकडे बॅक. नाव काहीही असो, २ क्रेडिटांच्या विषयाची असली तरी ती निकालावर दिसते. पुढच्या वर्षाला किती विषय राहिले तर बसू देतात हा नियम प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा. काही ठिकाणी अंतर्गत आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं, त्यामुळे जर्नल आणि चाचणी हलक्यात घेऊ नका.)

सीसीबद्दल थोडक्यात: एनएसएस घेतलं तर सात दिवसांचं निवासी शिबिर येणार, एनसीसी घेतलं तर परेड आणि कॅम्प. घरून परवानगी मिळणार का ते आधी विचारा. एईसीला जी भाषा नीट लिहिता येते ती घ्या, 'वजनदार' वाटते ती नको.

बारा आकडे आणि एक जास्तीचं अक्षर

मिळवलेली क्रेडिटं ठेवायला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, बोलताना एबीसी. २०२१ च्या नियमांनी ती सुरू झाली. डिजिलॉकरवरून खातं उघडलं की बारा आकडी क्रमांक मिळतो. आता तोच अपार आयडी म्हणूनही ओळखला जातो. कॉलेज बदललं, शहर बदललं, तरी ही क्रेडिटं सोबत नेता येतात आणि साधारणपणे सात वर्षं टिकतात.

ऐकायला सोपं आहे. घोळ नावात होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. वडिलांचं नाव कधी आहे, कधी नाही. आणि इंग्रजी स्पेलिंग! आमच्याकडच्या एका स्नेहलच्या आधारवर शेवटी एक एल, दहावीच्या कागदावर दोन. त्या एका जास्तीच्या एलमुळे तिच्या दोन सत्रांच्या क्रेडिटांची नोंद अडकली आणि आधार केंद्र, कॉलेजचं ऑफिस, पुन्हा आधार केंद्र अशा फेऱ्यांत तिची दिवाळीची सुटी गेली. प्रवेशाच्या दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. दुरुस्ती करायची असेल तर ती जूनमध्येच करा. परीक्षेचा अर्ज भरताना ऑफिसातल्या क्लार्कला तुमच्याकडे बघायलाही वेळ नसतो.

काही क्रेडिटं 'स्वयम' या सरकारी मंचावरच्या ऑनलाइन कोर्समधूनही मिळवता येतात. नियमाने एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे विषय तिथून चालतात, पण कुठला कोर्स कुठल्या विषयाऐवजी धरायचा हे तुमच्या कॉलेजने आणि विद्यापीठाने मान्य करावं लागतं. ती मान्यता कोर्स सुरू करण्याआधी आणि लेखी घ्या. त्यावरच्या एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या उपक्रमाचा, ८ आठवड्यांचा कोर्स बहुतेक २ क्रेडिटांचा, १२ आठवड्यांचा ३ चा. तुमचा रकाना २ किंवा ४ चा असेल तर ३ क्रेडिटांचा कोर्स त्यात कसा बसवणार हेही विचारा. आणि कोर्सला नाव नोंदवणं फुकट असलं तरी परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, फीही वेगळी आणि केंद्रावर जाऊनच परीक्षा द्यावी लागते. व्हिडिओ सगळे बघितले, परीक्षेचा अर्जच राहिला, असे दरवर्षी तीन-चार निघतात.

मध्येच थांबावं लागलं तर

जाहिरातीत सांगतात की एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. खरं आहे. पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिटं आणि वर कौशल्याच्या कोर्सची किंवा इंटर्नशिपची ४, एवढी झाली की सर्टिफिकेट. दुसऱ्या वर्षाअखेर तसंच डिप्लोमाचं. त्या सर्टिफिकेटवर नोकरी मिळेल असं मात्र मी कुणाला सांगत नाही.

या नियमाचा उपयोग दुसराच आहे. घरात आजारपण आलं, कर्ज झालं, मुलीचं लग्न ठरलं, तर आधी मुलं नुसती गळायची आणि सगळं पाण्यात जायचं. आता बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मात्र त्यासाठी रीतसर बाहेर पडावं लागतं: ऑफिसला अर्ज, ती जास्तीची ४ क्रेडिटं, एबीसीवर नोंद. न सांगता यायचं बंद केलं तर परत येताना फार झगडावं लागतं. लग्न ठरल्याचं सांगायला पेढे घेऊन येणाऱ्या मुलीला मी आधी हा अर्ज देते, मग पेढा घेते.

अर्ज भरून झाला तरी सगळं दगडावरची रेघ नसतं. वर्ग सुरू झाल्यावर पहिले काही दिवस विषय बदलता येतो. त्याचा अर्ज साध्या कागदावर, विभागप्रमुखांची सही, जागा असेल तर मंजूर. मुदत नोटीस बोर्डावर लागते आणि गणपतीच्या आधीच संपलेली असते, म्हणून पहिल्या आठवड्यात निवडलेल्या प्रत्येक विषयाच्या तासाला एकदा तरी बसा.

यंदा पहिल्याच दिवशी एक वडील मुलीला घेऊन आले. पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद, पावसाने कडा ओल्या. म्हणाले, "मॅडम, हिला चांगलं काहीतरी लावा." मी तक्त्याची झेरॉक्स मुलीच्या हातात दिली आणि खालून वाचायला सांगितलं. ती ओजेटीपाशी थांबली, मग बोट वर सरकवत मायनरपर्यंत आली, तिथे भूगोल बघून जरा रेंगाळली. ओईच्या यादीवर तिने दोन विषयांना टिंब केलं. वडिलांनी माझ्याकडचं एसटीचं वेळापत्रक आपल्याकडे ओढलं, चष्मा नाकावर खाली घेतला आणि तिला विचारलं, "यातलं सकाळचं कुठलं गं?"